वाढीव खर्चाचे उत्तरदायित्व : लेंडी धरण, अवकाशातील दुर्बीण आणि किल्लारीची घरे

सरकारी पैशातून होणाऱ्या मोठ्या कामाचा प्रत्यक्ष खर्च मूळ अंदाजापेक्षा वाढला, ह्या घटनेचे आता कोणासही नवल वाटेनासे झाले आहे. नवल वाटावे असे काही असेल तर ते हे की, खर्च किती वाढला आणि कशामुळे वाढला ह्या दोन प्रश्नांची तपशीलवार उत्तरे कागदोपत्री मिळतात. परंतु तो कोणाच्या हातून वाढला आणि कोणी सोसला ह्या प्रश्नांना त्या कागदांत जागाच ठेवलेली नसते. महाराष्ट्रात पाटबंधारे प्रकल्पास सुधारित प्रशासकीय मान्यता घेताना वाढीची कारणमीमांसा ठरावीक शीर्षांखाली द्यावी लागते. दरसूचीतील वाढ, भूसंपादनाच्या खर्चातील वाढ, संकल्पचित्रातील बदल, व्याप्तीतील वाढ, मूळ अंदाजपत्रकातील अपुरी तरतूद, इतर कारणे आणि आस्थापना ही ती शीर्षे होत. खात्याच्या नित्याच्या बोलीत ह्या मान्यतेस 'सुप्रमा' म्हणतात. ह्या शीर्षांत मनुष्य कोठेच येत नाही. 'अपुरी तरतूद' ह्या शब्दांचा सरळ अर्थ, मूळ अंदाज करणाऱ्याने खर्च कमी दाखविला, असा होतो. तथापि तो का दाखविला व त्याची जबाबदारी कोणाची, हे विचारण्याची तेथे सोय नाही.

नांदेड जिल्ह्यातील लेंडी प्रकल्प हे ह्या संदर्भात विचारात घेण्याजोगे उदाहरण आहे. मुखेड तालुक्यात गोणेगाव येथे, मांजरेची उपनदी असलेल्या लेंडी नदीवर हे धरण आहे. प्रकल्प आंतरराज्य असून पूर्वी आंध्र प्रदेश व २०१४ नंतर तेलंगण हे त्यातील भागीदार राज्य होय. पाण्याची विभागणी महाराष्ट्र ६२ टक्के व भागीदार राज्य ३८ टक्के अशी आहे. १९८०च्या दशकात प्रकल्पास मान्यता मिळाली त्या वेळी त्याची किंमत सुमारे ५५ कोटी रुपये धरण्यात आली होती. पुढील सुधारित मान्यतांत ती दोन हजार कोटींच्या वर गेली. मधल्या काळात बुडित क्षेत्रातील गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न सुटला नाही, प्रकल्पग्रस्तांनी काम बंद पाडले, आणि अर्धवट बांधलेली भिंत अनेक वर्षे तशीच उभी राहिली.

पंचावन्न कोटींचे दोन हजार कोटी म्हणजे सुमारे छत्तीसपट. ही वाढ ऐकताच एका बाजूने भ्रष्टाचाराचा आरोप होतो व दुसऱ्या बाजूने महागाईचे उत्तर मिळते. दोहोंपैकी महागाईचा हिशेब करता येण्यासारखा आहे, म्हणून तो आधी करणे इष्ट. घाऊक किंमत निर्देशांकाच्या निरनिराळ्या मालिका त्यांच्या जोडगुणकांनी एकत्र सांधल्या असता, १९८६च्या सुमारास जी वस्तू १ रुपयास मिळे तिला २०२४ मध्ये साधारण ८ ते ९ रुपये पडू लागले असे दिसते. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक निर्देशांकाने मोजल्यास हेच प्रमाण सुमारे चौदापट येते. धरणाच्या कामात मजुरीचा वाटा मोठा, म्हणून प्रकल्पाच्या बाजूने जास्तीत जास्त सवलत देऊन चौदापट धरली तरी ५५ कोटींचे ७७० कोटी होतात. उरलेली वाढ महागाईची नव्हे. तिचा बराच भाग भूसंपादन व पुनर्वसन ह्यांचा आहे. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या भूसंपादन कायद्याने शंभर टक्के दिलासा रक्कम देणे बंधनकारक केले, आणि ती वाढ शेतकऱ्याच्या दृष्टीने न्याय्यच होय. परंतु ह्या हिशेबात एक गोष्ट सहज नजरेआड होते. महागाई ही जरी कोणाच्या हातची नसली, तरी महागाईच्या तोंडी प्रकल्प अडतीस वर्षे ठेवणे हे कोणाच्या तरी हातचे असते. काम दहा वर्षांत पुरे झाले असते तर चौदापटीचा प्रश्नच उद्भवला नसता. सुप्रमाच्या शीर्षांत 'दरसूचीतील वाढ' ही पावसासारखी नैसर्गिक आपत्ती म्हणून नोंदविली जाते; वास्तविक ती विलंबाची किंमत आहे.

हा विलंब एकट्या लेंडीच्या वाट्यास आलेला नाही. प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष मोजून दाखविला, तेव्हापासून मराठवाड्यात अधिकाधिक प्रकल्प सुरू करण्याचा आग्रह वाढला. आग्रह रास्त होता, परंतु पैसा तेवढाच असताना कामांची संख्या वाढविल्याने प्रत्येक कामाच्या वाट्यास थोडी थोडी तरतूद आली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळालाही हे ओझे वारशानेच मिळाले. २०१२ मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे ह्यांच्या पत्रांमुळे सिंचनखर्चाचा प्रश्न राज्यभर गाजला, त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर शासनाने श्वेतपत्रिका काढली, डॉ. माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले व त्याचा अहवाल २०१४ मध्ये सादर झाला. विदर्भातील ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मधील काही महिन्यांतच ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यात आली, हा त्या वादातील सर्वांत प्रसिद्ध आकडा. वादाचा भर कोणी सही केली ह्यावर राहिला. सहीच्या आधी कंत्राटाच्या मसुद्यातच पुष्कळशा गोष्टी ठरून गेलेल्या असतात, तिकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

कंत्राटाच्या कलमांत काय असते

मराठवाड्यात कंत्राटदारास आजही 'गुत्तेदार' म्हणतात. सार्वजनिक बांधकाम व पाटबंधारे खात्यांच्या जुन्या नमुन्यांप्रमाणे गुत्तेदाराशी होणारा करार मुख्यतः तीन प्रकारचा असतो. 'बी-१' नमुन्यात तो सर्व कामास मिळून अंदाजापेक्षा अमुक टक्के जास्त किंवा कमी असा एकच देकार देतो. 'बी-२' मध्ये प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर देतो. आणि 'सी' नमुन्यात संपूर्ण कामाची एकच ठोक रक्कम ठरते. पहिल्या दोन प्रकारांत परिमाण वाढले की रक्कम वाढते. ठोक रकमेत ती, निदान तत्त्वतः, वाढत नाही.

बाबनिहाय दराच्या करारात काय घडू शकते हे एका कल्पित उदाहरणाने दाखविता येईल. धरणाच्या पायासाठी खोदाई करावयाची आहे. अंदाजपत्रकात मऊ मुरूम १,००,००० घनमीटर, दर १०० रुपये, आणि कठीण खडक २०,००० घनमीटर, दर ५०० रुपये, असे धरले आहे. म्हणजे प्रत्येकी १ कोटी, एकूण २ कोटी. पहिला गुत्तेदार हेच दर देतो. दुसऱ्यास त्या भागातील काळ्या पाषाणाची माहिती आहे. मुरुमाचा थर पातळ निघणार हे तो ओळखतो. तो मुरुमास ६० रुपये व खडकास ६५० रुपये दर भरतो. त्याची निविदा १ कोटी ९० लाखांची होते आणि सर्वांत कमी म्हणून स्वीकारली जाते. खोदाईत प्रत्यक्षात मुरूम ६०,००० आणि खडकही ६०,००० घनमीटर निघतो. पहिल्याच्या दराने हे काम ३ कोटी ६० लाखांस झाले असते. दुसऱ्याच्या दराने ते ४ कोटी २६ लाखांस जाते. सर्वांत स्वस्त निविदा सर्वांत महाग ठरली, आणि ह्यात कोणी नियम मोडलेला नाही.

हा धोका जुन्या अभियंत्यांना ठाऊक होता, म्हणूनच करारात ३८वे कलम घातलेले असते. निविदेतील परिमाणापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक झालेले काम निविदेच्या दराने द्यावयाचे नाही. त्यास चालू दरसूचीचा दर, निविदेच्या एकूण टक्केवारीने कमी-अधिक करून, लावावयाचा. वरील उदाहरणात २५,००० घनमीटरपर्यंत ६५० रुपये मिळतील. पुढील ३५,००० घनमीटरास दरसूचीचे ५०० रुपये पाच टक्के कमी करून, म्हणजे ४७५ रुपये. एकूण रक्कम ३ कोटी ६५ लाखांच्या आत येते. दुसऱ्या गुत्तेदाराच्या युक्तीचा जवळजवळ सगळा लाभ कलमाने काढून घेतला. परंतु हे सर्व काम वेळेवर चालले तर. जमीन ताब्यात न आल्याने काम चार-पाच वर्षे रखडले आणि दरम्यान दरसूचीतील खडकाचा दर ८०० रुपये झाला, असे समजा. आता जादा ३५,००० घनमीटरास ७६० रुपये पडतात व रक्कम ४ कोटी ६४ लाखांवर जाते. जे कलम शासनाच्या संरक्षणासाठी होते तेच विलंबामुळे वाढीची वाट बनले. मजुरी, साहित्य व इंधन ह्यांच्या निर्देशांकाप्रमाणे मिळणारी भाववाढ ह्याहून वेगळी.

ह्यावर असे म्हणता येईल की, विलंबाबद्दल दंड आहेच. दुसऱ्या कलमान्वये विलंबाची भरपाई वसूल करता येते. पण तिची कमाल मर्यादा अंदाजित किमतीच्या १० टक्के. प्रस्तुत उदाहरणात ती २० लाख होते आणि वाढ झाली आहे अडीच कोटींच्या वर. शिवाय जमीन देण्यास खात्यानेच उशीर केला असेल तर सहाव्या कलमाखाली मुदतवाढ द्यावी लागते आणि दंड संपतो. ते योग्यही आहे, कारण जागाच न मिळालेल्या गुत्तेदारास दंड कसा करावा? मात्र त्याच वेळी खात्याच्या बाजूने कोणास जाब विचारला जात नाही. दोन्ही पक्ष निर्दोष सुटतात, आणि बिल तिजोरीवर पडते.

जेथे भूसंपादन नाही

भूसंपादन, पुनर्वसन, न्यायालयीन स्थगिती, आंतरराज्य वाटाघाटी ह्यांच्या गुंत्यात गुत्तेदाराचा दोष किती व खात्याचा किती हे वेगळे काढणे अवघड जाते. म्हणून ज्या क्षेत्रात हा गुंता मुळातच नाही अशा क्षेत्राकडे पाहिल्यास प्रश्न स्वच्छ दिसतो. सरकारी अवकाश-प्रकल्प हे असे क्षेत्र आहे. तेथे कोणाची शेती बुडत नाही. केवळ शासनसंस्था, कंत्राटदार आणि त्यांच्यातील करार एवढेच उरतात. शिवाय अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या महानिरीक्षकांचे व तेथील संसदेच्या लेखापरीक्षकांचे अहवाल नियमाने प्रसिद्ध होतात, त्यामुळे पुरावा हाताशी असतो.

जेम्स वेब अवकाश-दुर्बिणीचे काम २००२ मध्ये ज्या कंपनीस मिळाले ती त्याच वर्षी नॉर्थ्रप ग्रमन ह्या कंपनीत विलीन झाली. करार 'खर्च अधिक मोबदला' ह्या स्वरूपाचा होता: कंपनीस झालेला सर्व वाजवी खर्च शासन देणार, आणि त्यावर कामगिरी पाहून मोबदला. २००९ मध्ये प्रकल्पाची पायाभूत किंमत सुमारे ५ अब्ज डॉलर व उड्डाणाचे वर्ष २०१४ ठरविण्यात आले. पुढच्याच वर्षी नेमलेल्या स्वतंत्र समितीने सांगितले की तांत्रिक काम चांगले चालले आहे, चूक आहे ती अंदाजपत्रकात; अनपेक्षित अडचणींसाठी लागणारी राखीव रक्कम अपुरी ठेवली गेली होती. आपल्या सुप्रमाच्या भाषेत ही 'अपुरी तरतूद'च. फरक इतकाच की, ती कोणाची चूक हे समितीने नाव घेऊन, म्हणजे नासाच्या व्यवस्थापनाचे नाव घेऊन, नोंदविले. २०११ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील एका समितीने प्रकल्प रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. तो टळला आणि किंमत सुमारे ८.८ अब्ज व उड्डाण २०१८ असे नवे वेळापत्रक आले.

दुसरी वाढ निराळ्या जातीची होती. कंपनीच्या कारखान्यात झडपा धुण्यासाठी चुकीचे द्रावण वापरले गेले आणि त्या बिघडल्या. पुढे ध्वनिकंपनाच्या चाचणीत सूर्यढालीच्या आवरणावरील स्क्रू व वॉशर सुटून पडले. २०१८ मध्ये टॉम यंग ह्यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र मंडळाने अशा मानवी चुकांची किंमत सुमारे ६० कोटी डॉलर व दीड वर्षाचा विलंब अशी मोजली. एकूण किंमत ९.६६ अब्जांवर गेली. चुका कंपनीच्या कामगारांच्या व पर्यवेक्षकांच्या होत्या ह्याविषयी दुमत नव्हते. संसदेच्या समितीपुढे कंपनीच्या प्रमुखास ही वाढ सोसणार काय असे विचारण्यात आले. त्यांनी नकार दिला. करारानुसार तो नकार योग्यच होता. मोबदल्याचा काही भाग तेवढा दुर्बिणीच्या यशाशी बांधण्यात आला. पहिली वाढ शासनाच्या दोषाने झाली, दुसरी कंत्राटदाराच्या. दोन्ही भरल्या एकाच खिशातून. दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी उडाली व उत्तम चालली, आणि यशाच्या आनंदात हिशेबाचा प्रश्न मागे पडला. यशस्वी प्रकल्पांच्या बाबतीत असे बहुधा होते.

ह्याहूनही बोलके उदाहरण दुर्बिणीचे नसून लोखंडी मनोऱ्याचे आहे. मोठ्या अग्निबाणासाठी फिरता उड्डाण-मनोरा उभारण्याचे काम २०१९ मध्ये बेक्टेल कंपनीस ३८ कोटी ३० लाख डॉलरांस, पुन्हा 'खर्च अधिक मोबदला' पद्धतीने, देण्यात आले. मनोरा मार्च २०२३ मध्ये मिळावयाचा होता. ऑगस्ट २०२४ मधील महानिरीक्षकांच्या अहवालाने त्याची संभाव्य किंमत २.७ अब्ज डॉलर आणि पूर्ततेची मुदत सप्टेंबर २०२९ अशी वर्तविली. दुर्बिणीत अज्ञात विज्ञान तरी होते. पोलाद, जोडकाम व नळ ह्यांचे काम कंपनीस अपरिचित नव्हते. विशेष हे की, करार ठोक रकमेत बदलून घेण्याची तरतूद त्यात होती. नासाने ती वापरली नाही. कारण आता ठोक रक्कम मागितल्यास कंपनी जी मागेल ती परवडणार नाही, अशी स्थिती होती. जोखीम प्रथम शासनाने घेतली की मागाहून ती कंत्राटदाराच्या माथी मारता येत नाही; तो तिची पुरेपूर किंमत लावतो.

मग सर्वत्र ठोक रकमेचाच करार का करू नये? तोही प्रयोग झालेला आहे. २०१४ मध्ये अंतराळवीरांची ने-आण करण्याची कामे बोइंग कंपनीस सुमारे ४.२ अब्ज व स्पेसएक्स कंपनीस सुमारे २.६ अब्ज डॉलरांस ठोक पद्धतीने देण्यात आली. स्पेसएक्सने मे २०२० मध्ये अंतराळवीर पाठविले. बोइंगचे यान जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर ह्यांना घेऊन गेले आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्याविना परत आले. ते दोघे मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या यानाने उतरले. ह्या विलंबाचा तोटा बोइंगने स्वतःच्या ताळेबंदात घेतला व तो २०२५च्या आरंभापर्यंत सुमारे २ अब्ज डॉलरांवर गेला. पैशाचे उत्तरदायित्व पूर्णपणे पाळले गेले. परंतु दहा वर्षांनंतरही शासनाच्या हाती भरवशाचे यान आले नाही. हे हानिरहित ठरले ते दुसरा कंत्राटदार उपलब्ध होता म्हणून. धरणाच्या एका भिंतीस दोन गुत्तेदार लावता येत नाहीत, ही अडचण येथे लक्षात घेतली पाहिजे.

भारतीय अवकाश संशोधन संस्थेची पद्धत ह्या दोहोंहून वेगळी. संकल्पन, जुळणी व चाचणी संस्था स्वतः करते. वालचंदनगर इंडस्ट्रीज, विक्रोळीचे गोदरेज, लार्सन अँड टुब्रो हे कारखाने ठरलेल्या आराखड्याप्रमाणे भाग बनवून देतात. आराखडा पक्का असल्यामुळे कारखानदाराची जोखीम लहान राहते, आणि मोठी जोखीम खात्याच्या पोटात जाते. ती दिसते कमी, पण असतेच. गगनयानाचा मंजूर खर्च २०१८ मध्ये ९,०२३ कोटी होता, तो सप्टेंबर २०२४ मध्ये २०,१९३ कोटी झाला. ह्या दोन आकड्यांची सरळ तुलना मात्र चुकीची ठरेल, कारण मधल्या काळात भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला विभाग व आणखी मोहिमा त्यात समाविष्ट झाल्या. व्याप्तीतील वाढ आणि खर्चातील वाढ एकाच आकड्यात मिसळली की लेखापरीक्षकाचेही काम अवघड होते. २०२२ मध्ये पाच पीएसएलव्ही अग्निबाण संपूर्ण बनवून देण्याचे ८६० कोटींचे काम हिंदुस्थान एरोनॉटिक्स व लार्सन अँड टुब्रो ह्यांच्या संघास देण्यात आले, ते अनेक वर्षांच्या उड्डाणांनी आराखडा सिद्ध झाल्यावर. क्रम योग्य होता.

अर्थशास्त्रात ह्या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. लाफाँ व तिरोल ह्यांचा १९९३चा सरकारी खरेदीवरील ग्रंथ आणि बाजारी व ताडेलिस ह्यांचा २००१ मधील निबंध ह्यांचा निष्कर्ष सामान्यपणे असा सांगता येईल: काम जितके निश्चित, तितका ठोक करार बरा, जितके अनिश्चित व बदलणारे, तितका खर्चाधारित करार अपरिहार्य. हा नियम उपयुक्त आहे, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. काम निश्चित आहे की अनिश्चित हे शासनास प्रामाणिकपणे सांगावयाचे असते, असे तो धरून चालतो. डेन्मार्कचे अभ्यासक फ्ल्यूबियर्ग ह्यांनी २००२ मध्ये वाहतुकीच्या २५८ प्रकल्पांचा अभ्यास करून दहांपैकी नऊ प्रकल्पांत खर्च वाढतो असे दाखविले. चुका अजाणता झाल्या असत्या तर काही अंदाज खालच्या व जवळपास तितकेच वरच्या बाजूस चुकले असते. ते एकाच बाजूस चुकतात. मंजुरी मिळावी म्हणून खर्च कमी दाखविण्याकडे कल असतो, आणि काम सुरू झाल्यावर ते सोडून देणे कोणासही परवडत नाही, हे सर्वांस ठाऊक असते.

किल्लारी

ह्या विवेचनातून असे वाटण्याचा संभव आहे की, निवड केवळ दोन प्रकारच्या करारांत आहे. लातूर जिल्ह्याने तिसरी वाट पाहिलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते १९९८ ह्या काळात जो पुनर्वसन कार्यक्रम राबविण्यात आला त्याचे दोन भाग अगदी भिन्न रीतीने चालले. सर्वाधिक नुकसान झालेली लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील घरे जमीनधारणेनुसार २५०, ४५० व ७५० चौरस फुटांची, आणि ती कंत्राटदारांनी व देणगीदार संस्थांनी बांधून दिली. कमी नुकसान झालेल्या गावांत मात्र शासनाने घर बांधून दिले नाही. नुकसानीच्या प्रतवारीप्रमाणे १७,००० किंवा ३४,००० रुपयांचे साहाय्य घरमालकास हप्त्यांनी देण्यात आले. साहित्यासाठी कुपने होती. पुढचा हप्ता आधीचे काम कनिष्ठ अभियंत्याने पाहिल्यावर मिळे. अशी लाखाहून अधिक घरे दुरुस्त व मजबूत झाली. माहिती व देखरेखीसाठी गावोगाव 'संवाद सहायक' म्हणून स्त्रियांची निवड झाली. 'स्वयं शिक्षण प्रयोग' ह्या संस्थेने त्यांच्यात काम केले.

दुसऱ्या भागातील रकमा निश्चित होत्या, म्हणजे शासनाच्या दृष्टीने तो ठोक करारच. जास्त खर्च झाला तर तो घरमालकाचा. गरिबांवर हा भार टाकणे कितपत उचित, असा आक्षेप घेता येईल व तो निराधार नाही. परंतु येथे काम करून घेणारा आणि त्या छपराखाली झोपणारा एकच होता. भिंतीच्या कोपऱ्यात दगड नीट सांधला की नाही हे पाहण्यास त्याला मोजमाप पुस्तिकेची गरज नव्हती. दोषदायित्वाचा कालावधी त्याच्या दृष्टीने आयुष्यभराचा होता. धरण अशा रीतीने बांधता येत नाही हे उघड आहे. तथापि धरणाच्या पुनर्वसन-गावठाणातील घरे, नाल्या व शाळा ह्यांच्या देयकांवर गावकऱ्यांच्या समितीची सही आवश्यक करण्यास तांत्रिक अडचण कोणती, हे सांगता येणार नाही.

लेंडीच्या संदर्भात हा केवळ तात्त्विक प्रश्न राहिलेला नाही. २०२५ मध्ये धरणाच्या घळभरणीचे काम झाले, पुनर्वसन मात्र पुरे झालेले नव्हते. १७ व १८ ऑगस्टच्या दरम्यानच्या रात्री मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली, रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावे पाण्याने वेढली गेली, आणि हसनाळमध्ये माणसे दगावली. भिंतीचे काम गुत्तेदाराकडे, पुनर्वसन महसूल यंत्रणेकडे, आणि घळ केव्हा बुजवावयाची हा निर्णय पाटबंधारे खात्याकडे, अशी कामाची वाटणी असते. प्रत्येकाचा कागद आपापल्या जागी पुरा असू शकतो. भिंतीच्या करारात घळभरणीची तारीख पुनर्वसनाच्या दाखल्याशी बांधलेली असती, तर ह्या तीन कागदांची गाठ कोठे तरी पडली असती.

अशा प्रकल्पाची पुढील सुधारित मान्यता तयार होईल तेव्हा तीत वाढीची तीच शीर्षे असतील. प्रत्येक शीर्षासमोर आणखी एक रकाना घालणे कठीण नाही: ही वाढ कोणास टाळता आली असती, गुत्तेदारास, पाटबंधारे खात्यास, महसूल खात्यास, शेजारील राज्यास, की कोणासही नाही. शेवटचा पर्याय प्रामाणिकपणे लिहिता येईल अशा रकमाही त्यात निघतील. वर केलेल्या स्थूल गणिताप्रमाणे लेंडीच्या बाबतीत त्या ७७० कोटींच्या आत बसतात, आणि त्याही अडतीस वर्षांचा विलंब कोणाचाच नव्हे असे मानले तरच.